एमडी ॲनेस्थेशिया थिसिस: डेक्सच करू की आयसीयूतलं काही घेऊ?

झोपेचा_भुकेला
जेआर-१ (पीजीचं पहिलं वर्ष) आहे, या महिन्यात सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) द्यायचाय. गाईड सर म्हणतात स्पायनलमध्ये (पाठीतून द्यायची भूल) ब्युपिवॅकेन या भुलीच्या औषधाबरोबर डेक्समेडेटोमिडीन (डेक्स) हे दुसरं औषध देऊन थिसिस कर, केसेस रोज मिळतात. पण माझ्या बॅचमधले दोघं तेच करतायत, तीन सिनियर्सनी केलंय, मला आयसीयूतलं काहीतरी करायचंय. सिझेरियनसारखे भराभर पेशंट तिथे मिळतील का? आणि पेशंट व्हेंटिलेटरवर असताना कन्सेंट कोणाची?

जुना_भूलवाला
डेक्स कर आणि मोकळा हो. मी हौसेने आयसीयू घेतलं होतं, अर्धे पेशंट डेटा पूर्ण व्हायच्या आत शिफ्ट नाहीतर डामा (डॉक्टरांचं न ऐकता डिस्चार्ज), शेवटच्या टर्मला रोज सकाळी रजिस्टर घेऊन भीक मागत फिरलोय. डेक्समधून नवीन काही निघणार नाही हे मान्य, पण पास होशील.

आयसीयूवाली_ताई
दादांचं ऐकू नकोस रे. औषध-बिवषध काही द्यायचं नाही, नुसतं बघायचं असं घे. टायडल व्हॉल्यूम घे ना, म्हणजे व्हेंटिलेटर एका श्वासाला किती हवा देतो ते. २००० सालची आर्ड्सनेट ट्रायल (एआरडीएस, म्हणजे फुप्फुसं निकामी झालेल्या पेशंटवरची) वाचलीच असशील, ८६१ पेशंट, किलोमागे १२ मिलीवर ३९.८ टक्के गेले आणि ६ मिलीवर ३१. पण ते मिली खऱ्या वजनावर नाहीत, उंचीवरून काढलेल्या वजनावर आहेत, आणि आपल्याकडे उंची मोजतो कोण? शीटवर "अंदाजे १६०" लिहून मोकळे. बाईची उंची १५० असेल तर ते वजन भरतं ४३ किलो, ६ मिलीने २६० झाले. मशीनवर ४५० असेल तर १० च्या वर गेलास की. शिंप्याची टेप घे, बेड सपाट करायच्या आधी सिस्टरांना राईल्स ट्यूबचं (नाकातून पोटात घातलेल्या नळीचं) फीड बंद करायला सांग, टाळू ते टाच मोज. गुडघे सरळ होत नसतील तर कोपर ते मनगट मोजून तक्त्यावरून उंची काढता येते. कन्सेंट नातेवाइकांची, पण नुसतं बघायचं असलं तरी एथिक्स कमिटी चुकत नाही हं.

पी_व्हॅल्यू_पाटील
ट्रायल घेतलीस तर सीटीआरआयमध्ये (देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधी, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून घेत नाहीत. आणि काहीही घे, हॉस्टेलच्या खोलीत बसून आकडे भरू नकोस. आपल्याच ब्रँचमधले जपानचे फुजी आठवा, ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर ग्रॅनिसेट्रॉनचे पेपरवर पेपर, शेवटी २१२ पैकी १७२ पेपरांत बनावट डेटा निघाला. कार्लाइल नावाच्या इंग्लंडमधल्या भूलतज्ज्ञाने २०१२ मध्ये नुसत्या आकड्यांवरून दाखवलं, दोन्ही ग्रुपची वयं-वजनं नशिबाने जुळतील त्याहून जास्त छान जुळत होती. खरा डेटा थोडा घाणेरडाच असतो.

जुना_भूलवाला
पाटील, एवढं आमच्या वेळी कोणी सांगितलं नाही हो 😅

झोपेचा_भुकेला
ताई, काल नाईट होती, थिसिससाठी नाही, सहज एका मावशींना टेप लावली. शीटवर १६०, टेपवर १५०, मशीनवर ४५०!! रजिस्ट्रारना दाखवलं, म्हणाले कालपासून तसंच चालू होतं. ३२० केलं, श्वासांचा रेट वाढवला, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) परत पाठवली. टॉपिक ठरला. आता सरांना कोण सांगणार, ते अजून डेक्सवरच आहेत.

आयसीयूवाली_ताई
टेप खिशात घेऊनच जा त्यांच्या केबिनमध्ये.