मदत हवी आहे: सेन्सर बदलला तरी ऑइल टेंपरेचर उडी मारून १५० दाखवतंय

गाडी डिझेल, नऊ वर्षांची, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. राहायला साखळीत, रोजचं येणं-जाणं पणजी, आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून बेळगावला, सासुरवाडीला.

चवथीच्या आठवडाभर आधी केरी सोडून घाट चढत होतो. डॅशबोर्डवर ऑइल टेंपरेचर ९८. एका डाव्या वळणावर खड्ड्यात गचका बसला आणि आकडा ९८ वरून थेट १५०. लाल दिवा, टिंगटिंग, आणि पिकअप असा गेला की मागचा खडीचा ट्रक हॉर्न मारत पुढे निघून गेला. गाडी बाजूला घेतली. बायको म्हणाली बॉनेटमधून धूर येतोय. ते धुकं होतं. दहा मिनिटांनी चालू केली तर ९४, सगळं जागच्या जागी. बेळगावहून परतताना उतारावर एकदा, मग डिचोलीच्या रस्त्यावर एकदा, पुन्हा तेच.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड पी०१९७, ऑइल टेंपरेचर सेन्सर सर्किट लो. सेन्सर बदलला, मजुरीसकट २,८०० रुपये. तीन दिवस गाडी शहाण्यासारखी चालली. चौथ्या दिवशी पाऊस आला आणि पुन्हा १५०. आता मेकॅनिक म्हणतो ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, गेला असेल. त्याने सांगितलेली किंमत ऐकून मी समोरचा चहा तसाच टाकून उठलो.

कोड 'लो' म्हणतो आणि डॅशबोर्ड १५०, हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं? इंजिन खरंच तापतंय का? कूलंट ९० च्या आसपास स्थिर आहे, ऑइल डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मधोमध. शनिवारी पुन्हा बेळगावला जायचंय. जाऊ की नको?

प्रतिसाद:
फोंड्यात ऑटो इलेक्ट्रिकची कामं करतो, म्हणून लिहितो. आधी धीर धरा. चार-पाच लिटर ऑइल एका गचक्यात ९८ वरून १५० वर जाऊच शकत नाही. तापलंच तर आकडा पायरीपायरीने चढतो, आणि उतरायलाही वेळ घेतो. उडी मारतोय म्हणजे ऑइल नव्हे, वायर बोलतेय.

आता तुमचं 'लो'चं कोडं. तो 'लो' तापमानाचा नाही, व्होल्टेजचा. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. ईसीएम सिग्नल वायरवर आतून एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट देतो आणि सेन्सर त्यातले किती खाली ओढतोय ते मोजतो. थंड ऑइल म्हणजे व्होल्टेज वर, गरम ऑइल म्हणजे व्होल्टेज खाली. ती वायर कुठे बॉडीला टेकली की व्होल्टेज शून्य, आणि ईसीएमला वाटतं ऑइल उकळतंय. १५० हा बहुतेक तुमच्या डॅशबोर्डचा शेवटचा आकडा. उलट वायर तुटली किंवा कपलर (सेन्सरला वायर जोडणारा प्लग) निघाला असता तर कोड पी०१९८ आला असता आणि आकडा उणे ४० च्या आसपास गेला असता. पुष्कळ मेकॅनिक कोडमध्ये 'सेन्सर' शब्द दिसला की सेन्सर बदलून मोकळे होतात. कोड सर्किटचा आहे, सर्किटमध्ये वायरही येते.

असं करा. साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या स्कॅनर सॉकेटमध्ये बसणारा छोटा रीडर) मोबाईलला जोडून लाइव्ह आकडा बघा, इग्निशन ऑन, इंजिन बंद. सेन्सरचा कपलर काढा. आकडा उणे ४० ला गेला तर आत्ता तरी वायर आणि ईसीएम ठीक. मग कपलर काढलेलाच ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने हलवत जा. सेन्सर जोडलेला नसताना आकडा १५० ला उडाला तर सेन्सरचा काहीच दोष नाही. हात फॅनपासून लांब.

प्रतिसाद:
पावसात उंदीर बॉनेटमध्ये ऊब शोधत येतात. आमच्या पेडण्यात दर पावसाळ्याला एक तरी वायर जाते. कपलरच्या पिनाही बघा, खाऱ्या हवेने हिरव्या पडतात. पण हिरव्या पिनांनी सहसा पी०१९८ येतो, १९७ नाही.

धागाकर्ता:
आज सकाळी बसलो. रात्रभर उभी असलेली गाडी, चालू करण्याआधी ऑइल २८, कूलंट २७, आत येणारी हवा २८. म्हणजे नवा सेन्सर खोटं बोलत नाही. कपलर काढला, उणे ४०. हार्नेस हलवत गेलो. पहिली वीतभर काही नाही. इंटरकूलरच्या पाइपाशेजारी लोखंडी ब्रॅकेट आहे तिथे हात लागला आणि १५०. सोडला, उणे ४०. पुन्हा दाबला, १५०. शेजारचे काका कुंपणापलीकडून बघत होते, त्यांना वाटलं मी गाडीशी खेळतोय.

हार्नेसची प्लास्टिकची क्लिप तुटलेली. वायर ब्रॅकेटच्या कडेवर घासून तिचं आवरण गेलंय, आतलं तांबं हिरवट. इंजिन माउंटवर हललं की टेकते. डाव्या वळणाचं गुपित हेच असावं.

प्रतिसाद (फोंडा):
नुसती काळी टेप गुंडाळू नका, उष्णतेने गोंद वितळतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. खराब तुकडा कापा, सोल्डर करा, हीट श्रिंक ट्यूब चढवा, वरून कोरुगेटेड पाइप, आणि ब्रॅकेटपासून दूर बांधा. इंजिन हलेल इतकी ढील ठेवा. शेवटी कोड पुसा.

धागाकर्ता:
तसंच करून घेतलं, दुसऱ्या ठिकाणी, ३५० रुपये. शनिवारी चोर्ला चढलो. सगळ्यात जास्त १०४, जांबोटीला ९५. वाटेत पाऊसही भरपूर.

गॅरेजमधून मागून आणलेला जुना सेन्सर उत्सुकतेपोटी मल्टीमीटरला लावला. घरात साधारण ३० अंशाला १.७ किलोओहम. मग चहाच्या टोपात गरम पाण्यात बुडवला, थर्मामीटर ९० दाखवत असताना २४० ओहम. नव्याचेही घरातले आकडे तेच होते. म्हणजे २,८०० रुपये देऊन मी एक चांगला सेन्सर काढून दुसरा चांगला सेन्सर बसवला. जुना आता डिकीत स्पेअर म्हणून पडलाय. टोप बायकोने टाकून दिला, त्याचे पैसे वेगळे.