माइनक्राफ्ट: दार बंद असूनही घरात झोंबी येतात, मदत हवी आहे

माइनक्राफ्ट गेमची जावा एडिशन (कॉम्प्युटरवरची आवृत्ती), सर्व्हायव्हल (जगून राहायचा मोड), डिफिकल्टी (अवघडपणा) नॉर्मल. क्राफ्टिंग टेबल (वस्तू बनवायचं टेबल) आणि लाकडी घर झालं आहे. दगड हाताने फुटतो पण हाती काही लागत नाही. कोळसाही सापडत नाही. रात्री दार लावलेलं असूनही झोंबी आत असतात. काय चुकतंय?

प्रतिसाद १
दगडाला पिकॅक्सच (कुदळ) हवी. १ ओंडक्याच्या ४ फळ्या, २ फळ्यांच्या ४ काड्या. टेबलात वरच्या ओळीत ३ फळ्या, मधल्या रकान्यात त्याखाली २ काड्या. या लाकडी पिकॅक्सने ३ कॉबलस्टोन (दगड फोडून मिळणारे ठोकळे) काढा आणि लगेच दगडी करून घ्या, कारण लोखंड लाकडीने निघत नाही. बाकी हत्यारं लाकडाची करूच नका, लाकूड वाया जातं.

मग ८ कॉबलस्टोनची भट्टी. कोळसा नसला तरी अडत नाही: भट्टीत वर ओंडके, खाली जळण म्हणून फळ्या. २ फळ्यांवर ३ ओंडक्यांचा चारकोल (लाकडी कोळसा) होतो. १ चारकोल आणि १ काडी म्हणजे ४ टॉर्च.

प्रतिसाद २
नॉर्मलवर झोंबी दार तोडत नाहीत, ते हार्ड डिफिकल्टीवरचं काम. तुमचे बाहेरून येतच नाहीत, अंधार आहे म्हणून घरातच तयार होतात. गेमच्या १.१८ आवृत्तीपासून टॉर्चसारखा उजेड पूर्ण शून्य असेल तिथेच ते उगवतात. (जुन्या व्हिडिओंत उजेडाच्या पातळीचा ७ चा आकडा सांगतात, तो आता विसरा.) टॉर्चचा उजेड १४ पासून दर ब्लॉकला एकने उतरतो, म्हणजे छोट्या खोलीला एक पुरे. पोटमाळा आणि जिन्याखालचा कोपरा मात्र हमखास राहतो.

प्रश्नकर्ता
टॉर्च लावले, आता शांत आहे. पलंग का बनत नाही? लोकर २ पांढरी, १ काळी, फळ्या ३.

प्रतिसाद १
तिन्ही लोकरी एकाच रंगाच्या लागतात. अजून एक पांढरी मेंढी गाठा. पलंगावर दिवसा राइट क्लिक केलं तरी मेल्यावर तिथूनच सुरुवात होते, फक्त भोवती उभं राहायला जागा ठेवा. पलंग चारी बाजूंनी चिणला तर थेट जगाच्या मूळ जागी जाल.

प्रतिसाद ३
आणि नेदरमध्ये (गेममधलं आगीचं दुसरं जग) गेलात की पलंगाला हात लावू नका. तिथे तो फुटतो, तुमच्यासकट.