गोष्टीच्या पुस्तकातून सगळं ‘आपोआप’ येतं?

पाटीपेन्सिल:
परवा एका पोस्टवर वाहवा चालली होती. पाच आणि आठ वर्षांच्या भावंडांना शाळेत घालूच नका, रोज एक गोष्टीचं पुस्तक उघडा, भाषा-गणित-विज्ञान आपोआप येतं म्हणे. तिथे उत्तर फारच लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ घ्या. मोठ्याला जमेल. धाकट्याला मात्र एवढ्याशा ओळीत ‘ळ्या’ हे जोडाक्षर, ‘टु’ ऱ्हस्व आणि ‘णू’ दीर्घ. वाचनाचा क्रम असा नसतो. आधी कमळ, मगर, बदक. मग काना, मग वेलांटी-उकार, जोडाक्षरं बरीच नंतर, आणि सूर्य-चक्र-दऱ्या ही ‘र’ची सोंगं सगळ्यात शेवटी. गोष्ट लिहिणारा हा क्रम पाळत नाही, पाळूही नये. मग पोर ओळ पाठ करतं, त्यावर बोट फिरवतं, आणि घरच्यांना वाटतं वाचतंय! कोऱ्या कागदावर नुसता ‘णू’ काढून दाखवा, लगेच कळेल.

गोधडी:
धाकट्याने ती ओळ वाचावी असं म्हटलंय कुणी? मोठा वाचतो, धाकटा ऐकतो, काम दोघांना वेगळं.

चिऊ-काऊची गोष्ट घ्या. शहरात शेण कुठलं, शाडू घ्या. लिंबाएवढे दोन गोळे करा. एक दोन-तीन दिवस खडखडीत वाळवा, दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मग दोन वाडग्यांत पाणी घेऊन दोन्ही एकदम बुडवा, शेजारी मेणबत्तीचा तुकडा. मोठा घड्याळ बघून दर अर्ध्या मिनिटाला ‘झालं’ म्हणतो, धाकटा एक चिंचोका बाजूला ठेवतो. आधी अंदाज विचारा. बहुतेक पोरं म्हणतात वाळलेला टिकेल. पण वाळलेलाच आधी फुटतो, कारण कोरड्या मातीच्या छिद्रांत पाणी शिरतं आणि आतली हवा बुडबुडे काढत बाहेर पडते.

फसतं कुठे? बाजारातला रंगीत क्ले घेतला तर. तो तेला-मेणात मळलेला असतो, पाण्यात ढिम्म हलत नाही. गोळा वरून वाळलेला आणि आत ओला राहिला तरी गडबड. आणि मोठ्याने अंदाज आधी ओरडून सांगितला तर धाकटा तोच सांगणार. म्हणून धाकट्याला आधी विचारायचं.

पाटीपेन्सिल:
छान. आता हातच्याची वजाबाकी कुठली चिमणी शिकवणार तेही सांगा. ५२ मधून २७.

उंटावरून_शेळ्या:
गणिताचा विषय निघालाच आहे तर बोलतो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ आणलं आणि वाट लावली. पोरं आता बाजारात ‘पन्नास पाच रुपये’ म्हणणार का?

दशक_एकक:
वाट कसली? २९ म्हणताना तोंडात तीस आणि हातात २, ही कसरत सात वर्षांच्या पोराने का करायची? बरं, नियमही धड नाही. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ‘एकोण’, आणि ९९ ला नव्व्याण्णव!

उंटावरून_शेळ्या:
पिढ्यान् पिढ्या शिकल्याच ना? सोपं करायच्या नावाखाली भाषा भुईसपाट करायची.

दशक_एकक:
पिढ्यान् पिढ्या छड्याही खाल्ल्या.

गोधडी:
अहो, भांडण घरी न्या. आईस्क्रीमच्या काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्यांना रबर लावा. तीन जुड्या मांडून एक काडी काढून घेतली की ‘एकोणतीस’ समोर दिसतो. आणि पाटीपेन्सिल, तुमचे ५२ म्हणजे पाच जुड्या, दोन सुट्या. सात द्यायचे तर एक जुडी सोडवावीच लागते. हाच हातचा.

पाटीपेन्सिल:
म्हणजे गोष्ट बाजूला ठेवून काड्याच आणल्या. मी वेगळं काय म्हणत होतो?

उंटावरून_शेळ्या:
हे सगळं ठीक, पण कायद्याचं काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० वाचा. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे.

दशक_एकक:
पुढेही वाचा. त्यात पालकांना दंड लिहिलेला नाही. आणि उद्या शाळेत घालायचं ठरलं तर कलम ४ प्रमाणे वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. दहावीला राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म आहे, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज, नाहीतर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, वय १४ पूर्ण हवं.

पाटीपेन्सिल:
दहावीला नऊ-दहा वर्षं आहेत, आज धाकट्याला काना शिकवा. गोधडीताई, शाडूच्या गोळ्यांचं मान्य, प्रयोग चोख आहे. पण अक्षरं आणि जुड्या रोज वीस मिनिटं वेगळ्या, दोघांच्या वेगळ्या वेळी, आणि त्या वेळात पुस्तक कपाटात. हे ‘आपोआप’वाल्यांनी पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी धागा काढलाच नसता.

गोधडी:
वीस? पाच वर्षांचं आहे ते. दहावर थांबा.