एदेनमधला सर्प ‘ज्ञानदाता’? या अर्थाला उत्तर काय?

प्रश्न: ज्ञानवादी (नॉस्टिक, म्हणजे गूढ ज्ञानानेच सुटका मानणाऱ्या प्राचीन पंथांच्या) वाचनानुसार बायबलच्या उत्पत्ती ३ मधला सर्प माणसाला जागं करतो आणि फळ मना करणारा देव मत्सरी ठरतो. हे येतं कुठून, आणि शास्त्रातून उत्तर कसं द्यावं?

उत्तर १: ‘सत्याची साक्ष’ या ज्ञानवादी ग्रंथातून. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या कॉप्टिक (जुन्या इजिप्शियन भाषेतल्या) हस्तलिखितांत तो आहे. आधी तो उतारा स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर वाद नको. सर्पावर अडकूही नका. खरा मुद्दा ज्ञानवाद्यांच्या गृहीतकाचा आहे: जड सृष्टी ही मुळातच चूक. उत्पत्ती १:३१ नेमकं उलट सांगतं (देवाने केलेलं सगळं फार चांगलं होतं), आणि योहान १:१४ मध्ये तर शब्द, म्हणजे ख्रिस्त, देही होतो.

उत्तर २: यशया ४५:५ सुद्धा तयार ठेवा. ‘माझ्याशिवाय दुसरा देव नाही’ हे ‘योहानाच्या गुप्त पुस्तकात’ (हाही ज्ञानवादी ग्रंथ) जग घडवणाऱ्या कनिष्ठ देवाची, याल्दाबाओथची, अज्ञानी बढाई बनतं. अध्याय सलग वाचला की ४५:१८ येतं: पृथ्वी वस्तीसाठी घडवली. शास्त्र असं वापरणाऱ्यांसाठी ख्रिस्ती बिशप इरेनियसने साधारण इ.स. १८० मध्ये दिलेली उपमा मला अजूनही अचूक वाटते: राजाच्या चित्रातले रत्नखडे उपटून त्यांचाच कोल्हा जुळवायचा. खडे खरे, मांडणी खोटी.

उत्तर ३: फक्त सगळे ग्रंथ एकाच पिशवीत घालू नका. थोमाच्या शुभवर्तमानात येशूची ११४ वचनं आहेत, बरीच बायबलमधल्या मत्तय आणि लूकशी जुळतात. एदेनची अशी उलटी कथा त्यात नाही. तिथे वचनागणिक तुलना करावी लागते.