मदत हवी आहे: टेनिसच्या १२ स्पर्धा कुठे वापराव्यात?

मंडळी, इंदूरच्या एका टेनिसपटू मुलीला १६ वर्षं पूर्ण झाली. आयपिन (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा खेळाडू नोंदणी क्रमांक) काढलंय, व्यावसायिक रँकिंग अजून नाही. वयाच्या नियमामुळे १७व्या वाढदिवसापर्यंत साधारण १२ व्यावसायिक स्पर्धाच खेळता येतील. डब्ल्यू १५मध्ये (महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांची सर्वांत खालची पायरी) विजेतीला १५ गुण, उपांत्यपूर्व फेरीला ३, पहिल्याच फेरीत हरली तर शून्य. डब्ल्यूटीए यादीत (महिलांच्या जागतिक रँकिंगमध्ये) यायला तीन स्पर्धांत गुण हवेत, किंवा एकूण १०. गुण ५२ आठवड्यांनी गळतात. सगळ्या स्पर्धा तीन महिन्यांत कोंबल्या तर पुढच्या वर्षी रँकिंग एकदम कोसळेल, खरी काळजी हीच. देशातल्या डब्ल्यू १५साठी वाइल्ड कार्ड (आयोजकांनी रँकिंग न पाहता दिलेला प्रवेश) मागावं, की वरच्या पायरीच्या डब्ल्यू ३५ची पात्रता फेरी खेळावी? सर्व्हिस भक्कम आहे, लांब रॅलीत मात्र दमते. जाणकार पालकांनी, प्रशिक्षकांनी कृपया सविस्तर सांगा.