शब्द: हाकेचा ‘गा’

वावरधनी:
झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, एका तीन अंकी नाटकाची संहिता पुण्यातल्या प्रयोगासाठी प्रमाण मराठीत आणायची आहे. बाप मुलाला म्हणतो, “वावर इकून टाकतं काय गा?” टंकलेखनात त्याचं “काय गं” झालं, म्हणजे बाप लेकीशी बोलतोय असं झालं. ‘रे’ घातलं तर प्रसंग पडतो, कारण हाच बाप गड्याला ‘बे’ म्हणतो, पाटलाला ‘जी’, आणि ‘रे’ कोणालाच म्हणत नाही. ‘गा’ला काय द्यावं?

वैनगंगाकाठ:
काहीच देऊ नका, ‘गा’ तसाच ठेवा. ‘बे’मध्ये सलगी किंवा तुच्छता, ‘गा’मध्ये बरोबरीची आपुलकी, ‘जी’मध्ये मान आणि बाईमाणसाला ‘वो’. या चार हाकांवर पात्रांची उतरंड उभी असते. पहिल्या अंकात मुलगा पाटलाला “तुमी कवा आले जी?” विचारतो आणि तिसऱ्यात “कवा आला गा?” म्हणतो, तेव्हा भांडण न दाखवताही प्रेक्षकाला कळतं की मुलगा आता पाटलाला भीत नाही. क्रियापदही सांभाळा. ‘तुमी आले’चं ‘तुम्ही आलात’ केलं की वाक्याचा अर्धा भाग झाडीपट्टीतल्या वडशाचा आणि अर्धा सदाशिव पेठेतला होतो.

शब्दपारखी:
‘वो’बद्दल पुण्याच्या नटीला आधीच सांगा. तिला तो ‘अहो’मधला ‘हो’ वाटेल आणि ती नवऱ्याकडे बघून म्हणेल. “काय वो माय” ही बाईला मारलेली हाक आहे. नवऱ्याला “आयकलं का जी”.

पडद्यामागे:
लिहिण्याइतकंच म्हणण्याचंही बघा. टांगत्या माइकवर वाक्याची शेपटी आधी जाते. “कुठी चालला गा?” म्हणताना नट नेमका ‘गा’वर समोरच्याकडे मान वळवतो, तोंड माइकपासून फिरतं आणि मागच्या रांगेला फक्त “कुठी चालला” पोचतं. उपाय दोन. आधी वळायचं, मग वाक्य सुरू करायचं, नाहीतर हाक पुढे घ्यायची, “कुठी गा चालला?” बोलीत दोन्ही चालतं. ‘जी’चा ई लांबवता येतो म्हणून तो टिकतो. ‘गा’ आपटून म्हटला की दमदाटी वाटते, तेव्हा आवाज चढवून भागत नाही.

दुसरी अडचण प्रॉम्प्टिंगची. प्रॉम्प्टर वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द देतो, शेवट नट आपल्या सवयीनं जोडतो. रात्रभराच्या नाटकात पहाटे तीनला बापाच्या तोंडी ‘रे’ येतो तो असा. प्रॉम्प्टरच्या प्रतीत प्रत्येक हाकेभोवती लाल गोल करा, आणि त्यानं हाक आधी द्यावी, वाक्य नंतर.

शुद्धमती:
‘गा’ मान्य. ज्ञानेश्वरीत (1290) अर्जुनाला ‘गा’, ‘अगा’ अशाच हाका आहेत. पण ‘जी’ हिंदीचा. नागपूर 1956 पर्यंत मध्यप्रांत, मग मध्य प्रदेश, या हिंदीबहुल मुलखाची राजधानी होतं, त्याची ती सावली. अनुवादात ‘जी’ काढून ‘अहो’ घालावा.

वैनगंगाकाठ:
तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रातले भक्त सर्वज्ञांना, म्हणजे चक्रधरस्वामींना, ‘जी’ म्हणतात, आणि ज्या रिद्धपुराशी महानुभावांचं नातं आहे ते अमरावती जिल्ह्यातलंच. तेव्हा कुठलं मध्यप्रांत आणि कुठली राजधानी?

शुद्धमती:
जुना ‘जी’ होता, नाकारत नाही. पण आजचा ‘काजी’ (काय जी), ‘होजी’ त्याच्यापासूनच अखंड आला हे कशावरून? मधे हिंदीनं त्याला पुन्हा पाणी घातलं असेल. दोन्ही झरे एकाच विहिरीत.

घाटाखालचा:
आणि ‘गा’ सगळ्या विदर्भाचा म्हणू नका. बुलडाण्यात घाट चढला की बोली मराठवाड्याकडे झुकते. पश्चिमेची वऱ्हाडी आणि पूर्वेची झाडी बोली एकाच ताटात वाढली की नाटक कुठल्याच गावचं राहत नाही.

पडद्यामागे:
मला जास्त खुपतं ते वेगळं. प्रमाणात नेताना बहुतेक लोक नायकाला पुणेरी करतात आणि बोली तेवढी गड्यासाठी, विनोदापुरती ठेवतात. मग ‘काहून’ (का) म्हटलं की हशा पिकतो आणि बापाचं वावर जातं त्या प्रसंगातही लोक हसतात. चूक नटाची नसते. दोन अंक त्या बोलीला हसायला आपणच शिकवलेलं असतं. बापाला पहिल्याच प्रवेशात बोलीत एक गंभीर, लांब संवाद द्या. विनोदी पात्र त्यानंतर आणा.

शुद्धमती:
मग अनुवाद कशाला? मूळच करा. ‘काहून’ कोणाला कळत नाही?

शब्दपारखी:
‘काहून’ कळतं, ‘कायले’शी गल्लत होते. “काहून आला?” म्हणजे कारण काय, “कायले आला?” म्हणजे कशासाठी. प्रमाणातलं “कशाला आलास?” दोन्हीकडे डोकावतं आणि वर हाकलून लावल्यासारखं ऐकू येतं. पाहुण्याला कोणी “काहून जी” म्हटलं तर त्यात हाकलणं अजिबात नाही.

घाटाखालचा:
आमच्याकडे सुरानुसार “काहून”मध्येही हाकलणं येतं.