कुळागरात शिकाऊ: जीवामृत का नासतं?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका कुळागरात (सुपारी-नारळाच्या मिश्र बागेत) शिकायला लागलोय. २०० लिटरच्या पिंपातलं जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत) चौथ्या दिवशीच कुजकं वास मारतंय. चुकतंय कुठे?

माडाखाली (सदस्याचं टोपणनाव): प्रमाण आधी तपासा. २०० लिटर पाण्याला १० किलो ताजं देशी गायीचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. बेसन आधी थोड्या पाण्यात कालवा; कोरडं टाकलं तर गुठळ्या तळाशी बसून सडतात. सकाळ-संध्याकाळ काठीने तळापासून ढवळा. प्लॅस्टिकचं झाकण घट्ट लावलंय का? हवा कोंडली की हाच वास. गोणपाट बांधा, पिंप सावलीत ठेवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, विहिरीचं घ्या.

रेवण: आंबूस वास चालतो, कुजका नाही. दोन-तीन दिवसांत तयार होतं, आठवड्याच्या आत संपवा. आणि पावसात पिंपावर छप्पर हवंच.

माडाखाली: हो, आणि मुसळधार पावसात पोफळीच्या मुळाशी ओतू नका, उताराने सगळं व्हाळात (ओढ्यात) जातं. उघडीप मिळाली की ओल्या जमिनीवर, आच्छादनाखाली द्या.

शिकाऊ: मी झाकण घट्टच लावत होतो! आजच गोणपाट बांधतो.